संगणक-नियंत्रित राउटरची बैठक : डोल आणि पीळ यांचा विचार

यंत्र विकत घेताना त्याच्या मोटरींची शक्ती, स्पिंडलचा वेग आणि पटाचे क्षेत्रफळ यांची चौकशी बारकाईने होते. ते यंत्र उभे कशावर राहणार, हा प्रश्न मात्र यंत्र दारात येऊन पडेपर्यंत सहसा कोणी विचारीत नाही. मग भांडारात धूळ खात पडलेले एखादे जुने लिहिण्याचे टेबल शोधले जाते, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली जाते आणि महागामोलाचे यंत्र त्यावर चढविले जाते. पुढे एकाच पाटीच्या दोन टोकांना कोरणीची खोली निरनिराळी भरू लागली, किंवा दोन-तीन तासांच्या कामात मध्येच सगळी रेखाकृती एकदम एका बाजूला सरकली, की दोष कधी आज्ञावलीला, कधी कर्तकाला आणि बहुधा यंत्र चालविणाऱ्या विद्यार्थ्याच्या नवशिकेपणाला दिला जातो. अशा यंत्रांवर प्रयोगशाळांतून साचे, प्रतिकृती आणि प्रयोगांची उपकरणे घडविली जात असल्यामुळे हा दोष अखेर मोजमापांत उतरतो. म्हणून बैठकीचा विचार हे सुतारकामातील किरकोळ प्रकरण न मानता यामिकीतील एक प्रश्न म्हणून तो करणे आवश्यक आहे.

हा प्रश्न उद्भवण्यास थोडा इतिहासही कारणीभूत आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात हेलिकॉप्टरची पाती बनविण्याच्या व्यवसायात असलेल्या जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेतून आणि मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेच्या कामातून अंकांच्या आज्ञेने चालणारे पहिले मिलिंग यंत्र १९५२ मध्ये लोकांसमोर आले. ते मुळात सिनसिनाटी बनावटीचे हायड्रोटेल जातीचे यंत्र होते, आणि त्या काळच्या सर्व मिलिंग यंत्रांप्रमाणे त्याचे अंग बिडाचे व भारी होते. बैठक हा तेथे यंत्राचाच एक अवयव होता. तिचा निराळा विचार करण्याचे कारणच नव्हते. त्याच संस्थेतून पुढे फॅब लॅबची चळवळ निघाली, आणि पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली तिच्या अगदी आरंभीच्या प्रयोगशाळांपैकी एक उभी राहिली. या प्रवासात यंत्र हलके झाले, स्वस्त झाले, ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांचे झाले आणि मेजावर ठेवण्याजोगे झाले. मात्र या स्थित्यंतरात बिडाची बैठक गळून पडली, आणि तिचे काम ग्राहकाच्या गळ्यात आले.

बैठकीने नेमके काय करावयाचे असते, याविषयी बराच घोटाळा दिसतो. यंत्राचे भार पेलणे हे तिचे सर्वांत सोपे काम होय. दीडदोनशे किलोग्रॅम वजन साधे लाकडी टेबलही पेलते. कामाची अचूकता कर्तक आणि कोरावयाचा तुकडा यांच्या परस्परसापेक्ष स्थानावर अवलंबून असते, आणि हे दोन्ही यंत्राच्या एकाच चौकटीवर असतात. सबंध बैठक यंत्रासह एकसंधपणे हलली, तर तत्त्वतः त्या सापेक्ष स्थानात काही फरक पडू नये. आगबोटीवर बसून चित्र काढणाऱ्याचे चित्र लाटांमुळे बिघडलेच पाहिजे असे नाही. परंतु हात आणि कागद यांना जोडणारी साखळी पुरेशी ताठ असेल, तोवरच हे खरे. हलक्या राउटरमध्ये ती तशी नसते. म्हणून बैठकीचे दोन दोष वेगळे ओळखले पाहिजेत. पहिला डोल, म्हणजे पायांवर उभ्या असलेल्या पटाचे आडवे झुलणे. आणि दुसरा पीळ, म्हणजे पटाचा एक कोपरा उरलेल्या तिघांच्या प्रतलातून वर किंवा खाली जाणे. कामाच्या मध्येच रेघा सरकतात त्याच्या मुळाशी पहिला असू शकतो. खोली कमीजास्त होते त्याच्या मुळाशी बहुधा दुसरा.

डोलाचा हिशेब एका उदाहरणाने मांडता येतो. १००० मिलिमीटर लांब आणि ७५० मिलिमीटर उंच अशी चार पायांची पोलादी चौकट घेतली, आणि पाय ५० मिलिमीटर चौरस व ३ मिलिमीटर जाडीच्या पोकळ छेदाचे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत चौकोनी पाइपचे, केले आहेत असे मानू. (भारतीय मानक ४९२३ या मानकात अशा छेदांची मापे दिली आहेत.) या छेदाच्या क्षेत्राचे द्वितीय आघूर्ण, कोपऱ्यांची गोलाई जमेस धरता, सुमारे २ लाख मिलिमीटर चतुर्थघात भरते. पोलादाचा स्थितिस्थापकता गुणांक दर चौरस मिलिमीटरला २ लाख न्यूटन. पायाचे वरचे टोक चौकटीशी घट्ट वेल्ड केलेले आणि खालचे जमिनीवर नुसते टेकलेले धरले, तर एका पायाचे आडवे दार्ढ्य या दोहोंच्या गुणाकाराच्या तिपटीस उंचीच्या घनाने भागून मिळते. ते दर मिलिमीटरला सुमारे २८४ न्यूटन येते. चारही पायांचे मिळून ११३८. पट आणि यंत्र यांचे एकत्रित वस्तुमान २०० किलोग्रॅम असेल, तर अशा बैठकीची नैसर्गिक वारंवारता सेकंदाला जेमतेम १२ आवर्तने इतकी ठरते.

१२ ही संख्या येथे फार अडचणीची आहे. कर्तक मिनिटाला ३००० मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला ५० मिलिमीटर या वेगाने आडवा सरकत असताना दर ४ मिलिमीटरला एक लाट अशी बारीक नागमोडी कोरावयाची असेल, तर गॅन्ट्री, म्हणजे स्पिंडल वाहून नेणारा पूल, सेकंदाला साडेबारा वेळा पुढेमागे होतो. गॅन्ट्रीचे वस्तुमान २५ किलोग्रॅम आणि तिचा कमाल प्रवेग दर सेकंदाला सेकंदास १ मीटर धरला, तर बैठकीवर येणारी प्रेरणा २५ न्यूटन. ही प्रेरणा स्थिर असती, तर पट ०.०२२ मिलिमीटर ढळला असता आणि कोणाच्या लक्षातही आले नसते. पण ती बैठकीच्या नैसर्गिक वारंवारतेच्या ठेक्यातच येत राहते. वेल्ड केलेल्या पोलादी चौकटीतील अवमंदन फार थोडे असते. ते क्रांतिक अवमंदनाच्या २ टक्के धरले, तर अनुस्पंदनाच्या स्थितीत विचलन पंचवीस पटींनी वाढून अर्ध्या मिलिमीटरहून अधिक होते. त्या झुलण्याचा प्रवेग सुमारे ३ मीटर, म्हणजे गॅन्ट्रीच्या स्वतःच्या प्रवेगाच्या तिप्पट. मोटरीला ज्या गॅन्ट्रीला २५ न्यूटनांनी हलवावयाचे होते, तिला आता जागेवर धरण्यासाठीच त्याच्या तिपटीएवढी प्रेरणा लावावी लागते. लहान राउटरमध्ये बहुधा स्टेपर मोटरी असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपण खरोखर कोठे पोचलो याची वार्ता मिळण्याची सोय नसते. मोटरीची ताकद अपुरी पडली की ती काही पावले चुकते, आणि संगणक मात्र ती टाकली गेली असेच धरून पुढचे काम चालू ठेवतो. चित्र सरकते ते असे. आज्ञावलीत दोष शोधणाऱ्याला तो कधीही सापडणार नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे पाय जाड करणे. तो फारसा किफायतशीर नाही. त्याच पाइपची जाडी ३ वरून ६ मिलिमीटर केली, तर पोलाद जवळजवळ १.९ पट लागते आणि दार्ढ्य मात्र १.७ पटींच्या आतच राहते. जाडी तीच ठेवून पाइप ५० ऐवजी ७५ मिलिमीटरचा घेतला, तर दीडपट पोलादात साडेतीन पटींहून अधिक दार्ढ्य मिळते; हा सौदा त्यामानाने बरा. अधिक बळकट जातीचे पोलाद घेण्याने तर काहीच साधत नाही, कारण बळकटी वाढली तरी स्थितिस्थापकता गुणांक जवळजवळ तोच राहतो. ही गोष्ट अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात शिकविली जाते आणि खरेदीच्या वेळी हमखास विसरली जाते.

खरा उपाय भूमितीत आहे. चार बाजूंची चौकट बाजूंची लांबी न बदलता तिरपी होऊन समांतरभुज चौकोन बनू शकते. त्रिकोणाला ती मुभा नाही. वर घेतलेल्या चौकटीत पुढे आणि मागे एकेक तिरका आधार कर्णरेषेत बसविला, तर १००० आणि ७५० यांचा कर्ण नेमका १२५० मिलिमीटर येतो. हा आधार २५ मिलिमीटर चौरस, २ मिलिमीटर जाडीच्या पाइपचा असला, तरी त्याच्या लांबीच्या दिशेने तो इतका ताठ असतो की एका आधाराचे आडवे दार्ढ्य दर मिलिमीटरला सुमारे १८,८०० न्यूटन भरते. दोन आधार मिळून बैठकीचे दार्ढ्य ११३८ वरून ३८,८०० वर जाते, म्हणजे सुमारे चौतीस पट. नैसर्गिक वारंवारता सेकंदाला १२ वरून ७० आवर्तनांवर चढते, आणि पूर्वीच्याच नागमोडी कामात पट मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतकाही ढळत नाही. यासाठी लागलेले जादा पोलाद दोन्ही आधारांचे मिळून साडेतीन किलोग्रॅमच्या आसपास. बैठकीच्या सगळ्या बांधणीत इतक्या थोड्या खर्चात इतके देणारे दुसरे काही नाही.

अर्थात् हा आकडा आदर्श मांडणीचा आहे. सांधे, पायांखालचे बूट आणि जमीन यांची लवचिकता जमेस धरली, तर प्रत्यक्ष दार्ढ्य कमी भरते. परंतु वारंवारता दार्ढ्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे निम्मे दार्ढ्य हरपले तरी ती ५० च्या घरात राहते. एका बारकाव्याकडे मात्र लक्ष हवे. आधाराची मध्यरेषा पाय आणि आडवी पट्टी यांच्या मध्यरेषा जेथे मिळतात, त्याच बिंदूतून जावयास हवी. पाय ठेवण्यास किंवा खण उघडण्यास जागा हवी म्हणून ती दहा-पंधरा सेंटिमीटर अलीकडे संपविली, तर मधला तुकडा वाकू लागतो आणि त्रिकोणाचा बराचसा फायदा निघून जातो. कोपऱ्यांत लावलेल्या लहान त्रिकोणी पट्ट्या दिसावयास भक्कम दिसतात. पूर्ण कर्णाची सर त्यांना येत नाही. पुढची बाजू मोकळी हवीच असेल, तर मागे आणि दोन्ही कुशींना आधार द्यावेत किंवा १८ मिलिमीटर प्लायवूडचे तक्ते सगळ्या कडांनी जवळजवळ स्क्रू मारून बसवावेत. वरचा पट आपल्या प्रतलात ताठ असेल, तर तीन भिंतींनी काम भागते. पाठ ठोकलेले कपाट डोलत नाही आणि पाठ निघालेले डोलते, हा घरोघरचा अनुभव याच तत्त्वाचा आहे.

येथे स्पिंडलविषयीच्या एका समजुतीचा परामर्श घेतला पाहिजे. बैठक हादरते ती स्पिंडलच्या फिरण्याने, असे सर्रास सांगितले जाते. लाकूडकामाचा स्पिंडल सामान्यतः मिनिटाला ८,००० ते २४,००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला १३३ ते ४००; दोन धारांच्या कर्तकाचे दात लाकडावर त्याच्या दुप्पट वेळा आदळतात. आधार दिलेल्या बैठकीची ७० आवर्तनांची डोलही या पट्ट्याच्या खालीच राहते, आणि नैसर्गिक वारंवारतेच्या बऱ्याच वर असलेली प्रेरणा जड वस्तूला फारशी हलवू शकत नाही. कर्तनाच्या वेळी कर्कश आवाज होऊन कापलेल्या पृष्ठावर खवले उमटतात, तो प्रकार निराळा आहे. फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्येच धातुकर्तनावरील आपल्या प्रबंधात त्याचा समावेश कारागिरापुढील अत्यंत अवघड प्रश्नांत केला होता; आधीच्या दाताने सोडलेल्या लाटेवरून पुढचा दात जाताना कंप स्वतःलाच पोसत जातो, ही त्याची उपपत्ती टोबायस आणि फिशविक यांनी १९५८ मध्ये मांडली. त्याचे मूळ बहुधा कर्तक, त्याची पकड आणि गॅन्ट्री यांच्या लवचिकतेत असते. बैठक कितीही भक्कम केली तरी तो जाणार नाही, आणि तो जाईल या आशेने बैठकीवर खर्च करणाऱ्याची निराशा ठरलेली आहे. स्पिंडलच्या वारंवारतेला बैठकीतील एखादा सुटा पातळ पत्रा किंवा तक्ता मात्र ढोलासारखा वाजू शकतो; त्याला मध्ये एक आडवी पट्टी द्यावी, किंवा त्यावर रबराचा थर देऊन वर दुसरा पत्रा चिकटवावा.

वजन घालून बैठक स्थिर करण्याचा प्रघातही असाच अर्धवट समजुतीवर उभा आहे. दार्ढ्य तेच ठेवून वरचे वस्तुमान दुप्पट केले, तर नैसर्गिक वारंवारता वाढत नाही, १.४ पटींनी घटते. त्याच प्रेरणेने मिळणारा प्रवेग कमी होतो हे खरे. म्हणून वजन निरुपयोगी नाही, पण ते दार्ढ्यानंतर यावे. खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवली, तर ती डोलात फार थोडा भाग घेतात. पटाच्या उंचीच्या पाचव्या हिश्शावर असलेली वस्तू पटाच्या पाचव्या हिश्शाइतकीच हलते आणि तिच्या वाट्याला येणारी गतिज ऊर्जा पंचविसाव्या हिश्शाइतकी असते. त्यामुळे वारंवारता फारशी न घटता पायांचा जमिनीवरील दाब तेवढा वाढतो. पाइपांत वाळू भरण्याची युक्ती कणांच्या घर्षणामुळे अवमंदन वाढविते आणि पाइपचा टणत्कार घालविते. ५० मिलिमीटरच्या पाइपात दर मीटरला तीन किलोग्रॅमच्या आसपास वाळू बसते. ती कढईत भाजून पूर्ण कोरडी करून भरावी आणि तोंडे बंद करावीत, नाहीतर पाइप आतून गंजत जातो. चौकटीतील अवमंदनाचा मोठा भाग सांध्यांतून येतो, आणि वेल्डपेक्षा नटबोल्टाचा सांधा या कामी उजवा ठरतो, हेही येथे नमूद करावयास हवे. दार्ढ्याच्या दृष्टीने मात्र वेल्डच उजवा. जेथे तिरके आधार आहेत तेथे बोल्टही चालतात. जेथे नाहीत तेथे बोल्ट ढिले होऊन घात करतात.

जमिनीचा विचार थोडक्यात उरकता येतो. वरच्या उदाहरणातील २५ न्यूटनांची प्रेरणा २०० किलोग्रॅमच्या बैठकीला उलथवूही शकत नाही आणि सरकवूही शकत नाही. तरीही काही बैठका कामाच्या ओघात चालत जातात. याचे कारण चारांपैकी एक पाय भार न घेता नुसता जमिनीला शिवत असतो. प्रत्येक पायाला खालीवर होणारा पेचाचा बूट लावून चारही पायांवर भार येईल असे करावे. चाके हवी असतील, तर यंत्र चालू असताना ती जमिनीपासून उचलली जावीत; कुलूप लावलेल्या चाकातही त्याच्या खुंटीभोवती थोडी हालचाल उरतेच, आणि खाली केलेली सगळी मेहनत त्या फटीत जाते. फरशी शहाबादी असेल, तर बूट ठेवावयाच्या जागी ती ठोकून पाहावी; पोकळ आवाज देणाऱ्या फरशीवर पाय येऊ देऊ नये.

पिळाचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण तो डोळ्यांना दिसत नाही आणि हाताने ढकलून कळत नाही. मेजावरचा राउटर स्वतः फारसा ताठ नसल्यामुळे तो बैठकीचा आकार घेतो. पटाचा एक कोपरा एका मिलिमीटरने वर असेल, तर यंत्राचा त्या बाजूचा रूळ तेवढा उचलला जातो, आणि गॅन्ट्री एका टोकाकडून दुसरीकडे जाताना किंचित कलत जाते. कोरणीच्या खोलीतील फरक तेथून येतो. पिळाला विरोध करण्याचे सामर्थ्य छेद बंद आहे की उघडा, यावर सर्वस्वी अवलंबून असते. ५० मिलिमीटरचा तोच पाइप घेऊन त्याला एका बाजूने लांबीभर नुसती चीर पाडली, तर त्याचे वजन तेच राहते, वाकण्यातले दार्ढ्य फारसे बदलत नाही, पण पिळातले दार्ढ्य सुमारे १८४ पटींनी कोसळते. यावरून पटाखालची चौकट कोनपट्टीची न करता पाइपचीच का करावी, हे स्पष्ट व्हावे. त्याहून चांगला मार्ग म्हणजे पट पेटीसारखा करणे : खाली-वर १८ मिलिमीटर प्लायवूडचे तक्ते आणि मध्ये सुमारे १०० मिलिमीटर उंचीच्या उभ्या पट्ट्यांची जाळी, सर्व सांधे सरस लावून व दाबून पक्के केलेले. दोन तक्त्यांमधले अंतर आणि बंद कडा यांमुळे ही पेटी हलकी असूनही पिळाला दाद देत नाही. सरसाचा सांधा जेथे सुटला तेथे पेटी संपली; म्हणून येथे केवळ खिळ्यांवर विसंबणे चुकीचे होय.

पेटी चौकटीवर टेकवावयाची कोठे, याला दोन उत्तरे आहेत. तीन बिंदूंतून एकच प्रतल जाते; म्हणून पट स्वतः ताठ असेल तर तो तीनच ठिकाणी टेकवावा, म्हणजे चौकट वा जमीन पुढेमागे खचली तरी तिचा पीळ पटाला लागत नाही. एकसारख्या जाडीची पट्टी दोन टोकांना टेकविली असता स्वतःच्या वजनाने मध्ये जितकी झुकते, त्याच्या सुमारे अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाइतकीच ती आधार टोकांपासून लांबीच्या २२ टक्के आत घेतले असता झुकते, हा जुना आणि उपयुक्त निष्कर्ष येथे कामी येतो. तो स्वतःच्या वजनापुरताच लागू आहे, हे विसरून चालत नाही. गॅन्ट्री आधाराबाहेरच्या टोकावर गेली की तिच्या भाराने ते टोक खाली जाते. त्यामुळे जड गॅन्ट्रीच्या यंत्रात आधार थोडे बाहेर घेणे शहाणपणाचे. उलट यंत्र हलके आणि स्वतः लवचिक असेल, तर तीन बिंदूंचा आग्रह सोडून त्याला पटावर अनेक ठिकाणी टेकवावे आणि फटींत पितळेच्या पातळ पत्र्या सारून बसवावे.

बोल्ट आवळताना उष्णतेचाही विचार हवा. ॲल्युमिनियम दर अंशाला लांबीच्या दहा लाखांश २३ भागांनी वाढते, पोलाद १२ भागांनी. १२०० मिलिमीटर लांबीचे यंत्र पोलादी चौकटीला दोन्ही टोकांना घट्ट आवळले आणि तापमान २० अंशांनी बदलले, तर दोहोंच्या लांबीत सुमारे ०.२६ मिलिमीटरचा फरक पडू पाहतो, आणि वाट न मिळाल्यामुळे तो ॲल्युमिनियमची चौकट वाकवतो. विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीची पहाट आणि मेची दुपार यांतले अंतर याहून मोठे असते. म्हणून एक कोपरा पक्का करावा व उरलेल्या ठिकाणी लांबट भोके ठेवून बोल्ट बेताने आवळावेत.

वेल्ड थंड होताना आकसते आणि चौकटीला आपल्याकडे ओढते, ही गोष्ट वेल्डर जाणतात. तरीही घाईत एक कोपरा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळण्याची चूक होते. आधी सर्व कोपऱ्यांना केवळ टाके मारावेत, कर्ण मोजावेत, मग समोरासमोरचे सांधे आळीपाळीने थोडे थोडे भरावेत. १००० बाय ७५० च्या चौकटीत दोन कर्णांच्या लांबीत २ मिलिमीटरचा फरक आढळला, तर उंचीभर चौकट सव्वा मिलिमीटरने कललेली आहे असे समजावे. इतके करूनही वेल्ड केलेल्या चौकटीचा वरचा पृष्ठभाग सपाट मिळेल ही अपेक्षा ठेवू नये. पट आणि चौकट यांच्यामध्ये पेचांची जोडणी ठेवणे, हे चौकट घासून सपाट करण्यापेक्षा कितीतरी सोपे असते.

पीळ तपासण्यास महागडे उपकरण लागत नाही. पाणसळीने लांबी व रुंदी समपातळीत आणल्यावर समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोन बारीक दोरे सारख्याच ताणाने ओढावेत, असे की मध्यभागी ते एकमेकांवरून जातील. चारही कोपरे एका प्रतलात असतील, तर दोरे मध्ये नुसते स्पर्श करतील. त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट दिसली, तर एक कोपरा एका मिलिमीटरने चुकला आहे, कारण कर्णाचा मध्य कोपऱ्याच्या निम्मा सरकतो. दोऱ्याची जाडी आणि दाबून बसण्याची शक्यता यांमुळे फसगत होऊ नये म्हणून वरचा दोरा खाली व खालचा वर करून पुन्हा पाहावे. दोऱ्यांचा झोळ दोन्हींत सारखा असल्यामुळे तो आपोआप वजा होतो. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शापर्यंत ही कसोटी विश्वासार्ह ठरते, आणि लाकूडकामाच्या राउटरला त्याहून अधिकाची गरज क्वचितच असते.

डोल मोजण्यासाठी भिंतीशी पक्क्या केलेल्या काट्यावर डायल गेज लावून पट स्प्रिंगच्या ताणकाट्याने १० किलोग्रॅम वजनाएवढ्या प्रेरणेने ओढावा. वरच्या उदाहरणातील आधाराविना असलेली चौकट ०.०९ मिलिमीटरच्या आसपास सरकेल. आधार दिल्यावर हिशेबाने ०.००३ मिलिमीटरच्या आत राहावयास हवी. याहून बरेच अधिक सरकणे आढळले, तर गेज क्रमाने पटावरून पायाच्या वरच्या टोकाशी, मग खालच्या टोकाशी आणि शेवटी बुटाशी लावीत गेल्यास नेमका कोणता सांधा दगा देतो ते उघड होते. अलीकडे मोबाइल दूरध्वनीतील प्रवेगमापकाने नैसर्गिक वारंवारता मोजण्याची पद्धत विद्यार्थ्यांत रूढ झाली आहे : दूरध्वनी पटावर चिकटवावयाचा, रबरी हातोडीने एक टोला द्यावयाचा आणि आलेखातील शिखर पाहावयाचे. पद्धत चांगली आहे, परंतु तिच्यात एक सापळा आहे. उपकरण सेकंदाला १०० वेळा नोंद घेत असेल, तर ५० आवर्तनांच्या वरचे काहीही त्याला खरे दिसत नाही. ७० आवर्तनांची उत्तम बैठक आलेखात ३० आवर्तनांची म्हणून उमटते, आणि तिरके आधार बसविणाऱ्याला आपले काम अर्धेमुर्धे जमले असे वाटते. नोंदींचा वेग दुसरा निवडून मोजणी पुन्हा करावी. शिखराची जागा बदलली, तर ते खोटे होते असे समजावे.

पटाखालची मोकळी जागा धूळ ओढणाऱ्या यंत्रासाठी वापरण्याचा मोह रास्त आहे, आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीची गणना मानवास कर्करोगकारक द्रव्यांत केल्यापासून असे यंत्र असणे ऐच्छिक राहिलेले नाही. त्याची मोटर मात्र बैठकीच्या फळीवर न ठेवता जमिनीवर ठेवावी आणि तिला लवचिक नळीने जोडावे. पोलादी चौकटीला स्वतंत्र भूतार द्यावी. तातडीने यंत्र थांबविण्याचे बटण पुढच्या पट्टीवर, कमरेच्या उंचीला, वाकावे लागणार नाही असे असावे. पटावरचा एमडीएफचा तक्ता पावसाळ्यात ओल धरून फुगतो, आणि जूनमध्ये केलेली सपाटी ऑक्टोबरात सापडत नाही. यासाठी त्याच्या कडा व खालची बाजू रंगाने बंद करून घ्यावी आणि पावसाळा उलटल्यावर दोऱ्यांची कसोटी पुन्हा एकदा घेऊन मगच तक्त्याचा वरचा थर राउटरनेच तासून काढावा.